केस न गाळणारें कुत्रें : एका निवडीचा इतिहास

१

गृहस्थाच्या घरीं प्रथमच कुत्रें आणण्याचें घाटूं लागलें म्हणजे त्या घरांत जी चर्चा होते, तिच्यांत बहुधा तीन अटी ऐकूं येतात. कुत्रें मुलाबाळांत मिसळणारें असावें, ही पहिली. पूर्वीं कधीं कुत्रें न पाळलेल्या माणसाला तें आवरतां यावें, ही दुसरी. आणि त्यानें घरभर केस गाळूं नयेत, ही तिसरी. पैकीं पहिल्या दोन अटी माणसाच्या व कुत्र्याच्या सोबतीइतक्याच जुन्या असाव्यात. ज्या मेंढपाळानें आपल्या वाड्यावर कुत्रें बाळगलें, त्यानेंही तें पोरांना चावणार नाहीं ना आणि हांकेसरशीं येईल ना, एवढें पाहिलें असेलच. तिसरी अट मात्र अगदीं अलीकडची आहे. ती आपल्या आजोबांच्या कानीं पडती, तर केस न गाळणारें कुत्रें म्हणजे पान न गाळणारा पिंपळच कीं, असें म्हणून ते हंसले असते.

आपल्याकडे कुत्र्याचा मान लहान नव्हता. खंडोबाच्या चित्रांत घोड्याबरोबर कुत्रें असतें आणि दत्तात्रेयाच्या पायांशीं चार श्वान उभे असतात. परंतु देवाच्या पायांशीं बसणाऱ्या ह्या प्राण्याची गृहस्थाच्या घरांतील जागा बहुधा उंबऱ्याच्या बाहेर असे. रात्रीं ओटीवर राखण करावी, सकाळीं भाकरीचा तुकडा खावा आणि उन्हांत अंगणांत लोळावें, असा त्याचा दिनक्रम. त्याचे केस झडले तर ते धुळींत मिळत आणि वारा त्यांना घेऊन जाई. त्यांचा हिशेब कोणी ठेवीत नसे. युरोपांतही सरदारांच्या घरचीं मांडीवरचीं चिमुकलीं कुत्रीं सोडलीं, तर इतर पुष्कळांचा मुक्काम तबेल्यांत, गोठ्यांत किंवा शिकारखान्यांतच असे. तेव्हां केसांचा हा प्रश्न कुत्र्यानें उत्पन्न केलेला नाहीं. तो घरानें उत्पन्न केला आहे. ओटी गेली, अंगण गेलें, दोन-तीन खोल्यांचें बिऱ्हाड इमारतीच्या चौथ्या मजल्यावर गेलें आणि कुत्रें उंबरा ओलांडून बिछान्यापर्यंत पोंचलें, तेव्हां कोठें त्याचा केस नजरेंत खुपूं लागला.

हा प्रश्न नुसत्या टापटिपीचा असता, तर त्यावर इतकें लिहिण्याचें कारण नव्हतें. पण ज्या घरांत एखाद्या मुलाला दमा आहे किंवा कुत्र्याची ॲलर्जी आहे, तेथें तो केरसुणीचा राहत नाहीं, श्वासाचा होतो. तेथें निवड चुकली तर तिची शिक्षा दोघांपैकीं एकाला भोगावी लागते : एक तर मुलानें खोकत राहावें, नाहीं तर घराला लळा लावून बसलेल्या कुत्र्यानें घर सोडावें. म्हणून केस न गाळणाऱ्या कुत्र्याची ही कल्पना कोठून आली, तिनें काय काय करून दाखविलें आणि कोठें फसविलें, हें नव्या धन्यानें समजून घेणें हिताचें आहे.

२

केस गळतो म्हणजे काय होतें, हें प्रथम पाहूं. प्रत्येक केस कांहीं काळ वाढतो, मग थांबतो, विसांवा घेतो आणि शेवटीं गळून आपली जागा नव्या केसाला देतो. लांडग्याच्या व थंड देशांतील पुष्कळ कुत्र्यांच्या अंगावर हा क्रम ऋतूंच्या तालावर चालतो. दिवस मोठा होऊं लागला म्हणजे हिवाळ्याची दाट लोकर झपाट्यानें उतरते. लॅब्रॅडोर, अल्सेशियन आणि आपल्याकडे घरोघर ‘पॉमेरेनियन’ ह्या नांवानें मिरविणारा पांढरा स्पिट्झ, ह्यांच्या केसांचा वाढीचा काळ थोडा व विसांव्याचा मोठा असतो. त्यामुळें त्यांच्या अंगावर गळण्यास सिद्ध असलेले केस पुष्कळ असतात. उलट पूडल जातीच्या केसाचा वाढीचा काळ लांब असतो. माणसाच्या डोक्यावरील केसाप्रमाणें तो वाढत राहतो आणि कातरावा लागतो.

म्हणून ‘केस न गाळणारें कुत्रें’ हा शब्दप्रयोगच मुळीं सैल आहे. मुळींच केस न गळणारें केसाळ कुत्रें नाहीं. कमी गळणारीं आहेत. शिवाय ज्यांचे केस कुरळे असतात, त्यांचा गळलेला केस जमिनीवर न पडतां शेजारच्या केसांतच गुंतून राहतो. तो फणीनें काढला नाहीं तर त्याचा गुंता होतो, गुंत्याच्या जटा होतात, आणि त्या जटांखालीं कातडी ओलसर राहून सुजते. सारांश, अशा कुत्र्यापासून केरसुणीचें काम वांचतें तें फणीच्या व कात्रीच्या माथीं बसतें. काम नाहीसें होत नाहीं, हात बदलतें.

२००९ सालीं ‘सायन्स’ ह्या नियतकालिकांत एक महत्त्वाचें संशोधन प्रसिद्ध झालें. अनेक जातींच्या कुत्र्यांची तपासणी करून संशोधकांनीं असें दाखविलें, कीं कुत्र्यांच्या केसांचें एवढें वैचित्र्य दिसतें खरें, पण तें बहुतांशीं केवळ तीन जनुकांच्या जुळणीनें उत्पन्न झालें आहे. एक जनुक केसाची लांबी ठरवितें, दुसरें त्याचा कुरळेपणा, आणि तिसरें राठपणा व तोंडावरच्या मिशा-भुंवया. हें तिसरें जनुक केसांच्या गळतीशींही निगडित आहे, असें पुढील संशोधनांत आढळलें. ज्या कुत्र्याला दाढी-मिशा आहेत तें बहुधा केस कमी गाळतें, हा पाळणाऱ्यांचा जुना अनुभव अशा रीतीनें शास्त्राच्या कसाला उतरला.

३

परंतु मनुष्यानें हें जनुक गालिच्यासाठीं निवडलें नव्हतें. त्यानें तें निवडलें पाण्यासाठीं.

पूडल हें नांव जर्मन भाषेंतील आहे व त्याचा संबंध पाण्यांत डुंबण्याशीं आहे. फ्रेंच लोक ह्याच कुत्र्याला ‘कानिश’ म्हणतात. त्या शब्दांत बदक दडलेलें आहे. शिकाऱ्यानें तळ्यावर बदक पाडावें आणि थंडगार पाण्यांत उडी टाकून कुत्र्यानें तें काठावर आणावें, हें त्याचें मूळचें काम. दाट, कुरळे, वाढत राहणारे केस थंडीपासून राखण करीत. पण भिजले म्हणजे तेच पोहण्याला जड होत. म्हणून मागचें अंग भादरावें आणि छातीवर व सांध्यांवर ऊब राहण्यापुरते केस ठेवावेत, अशी रीत पडली, असें परंपरेनें सांगतात. आज प्रदर्शनांत पूडलच्या अंगावर जे हास्यास्पद वाटणारे गोंडे दिसतात, ते अशा रीतीनें एका मजुराच्या कामाच्या पोशाखाचे अवशेष आहेत. पुढें पूडल शहरांत आला, त्याचीं लहान लहान रूपें निघालीं, आणि पॅरिसमध्यें सीन नदीच्या कांठीं कुत्रे भादरणाऱ्या लोकांचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. केस न गळण्याचें मोल चुकवावें लागतें, हें त्या काळच्या पॅरिसकरांना ठाऊक होतें. तें मोल ते नदीकांठीं रोख मोजीत.

ह्या कुत्र्याची हुशारी एकदां त्याच्या जिवावरही उठली. सतराव्या शतकांत इंग्लंडांत राजा व पार्लमेंट ह्यांच्यांत यादवी माजली असतां राजपक्षाचा सेनानी राजपुत्र रूपर्ट ह्याच्याजवळ ‘बॉय’ नांवाचा एक पांढरा कुत्रा होता. तो पूडल होता, असें परंपरा मानते. विरुद्ध पक्षाच्या चोपड्यांनीं ह्या कुत्र्याच्या अंगीं चेटूक असल्याची हाकाटी केली. १६४४ सालीं मार्स्टन मूरच्या लढाईंत तो मारला गेला. एखाद्या जातीच्या अंगीं नसलेले गुण चिकटविण्याची माणसाची खोड किती जुनी आहे, ह्याचें हें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढें त्याचा उपयोग होईल.

पाण्यावर काम करणारीं अशीं कुत्रीं युरोपांत इतरत्रही होतीं. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील कोळी आपल्या होडींत एक कुरळ्या केसांचें कुत्रें ठेवीत. पाण्यांत पडलेलें जाळें ओढून आणावें, एका होडीचा निरोप दुसऱ्या होडीला पोंचवावा, अशीं कामें तें करी. यांत्रिक होड्या आल्या, तसा ह्या कुत्र्याचा धंदा बसला आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं ही जात नामशेष होण्याच्या बेतांत आली. १९३० च्या सुमारास वास्को बेन्सौदे नांवाच्या एका धनिकानें तिचा जीर्णोद्धार केला. इटलींतील रोमान्या प्रांतांतील ‘लागोत्तो’ दलदलींत शिकार आणून देई. दलदली उपसून शेतें झालीं तेव्हां तो जमिनींतील सुगंधी भूछत्रें हुंगून काढूं लागला. अशा रीतीनें आज जीं कुत्रीं ‘घर स्वच्छ ठेवणारीं’ म्हणून शिफारशीस पात्र ठरतात, त्यांतील कित्येकांचे पूर्वज चिखलांत व खाऱ्या पाण्यांत राबणारे मजूर होते. त्यांचा केस गळत नाहीं एवढेंच घरानें पाहिलें. त्यांच्या अंगांत मजुराची उमेद व बुद्धि शिल्लक आहे, हें पाहिलें नाहीं. दिवसभर काम मागणारें हें डोकें चार भिंतींत नुसतें बसवून ठेवलें म्हणजे तें भुंकण्यांत व सामान कुरतडण्यांत आपलें काम शोधतें.

४

एकोणिसाव्या शतकांत ह्या कहाणीला निराळें वळण लागलें. १८५९ सालीं इंग्लंडांत न्यूकॅसल येथें शिकारी कुत्र्यांचें प्रदर्शन भरलें आणि १८७३ सालीं लंडनला केनेल क्लबाची स्थापना झाली. तोंवर कुत्र्याची जात म्हणजे मुख्यत्वें त्याचें काम. आतां जात म्हणजे वंशावळीची वही, ठरलेली उंची, ठरलेला रंग आणि ठरलेलें रूप. वहींत नांव असलेल्याच जोडप्यांची संतति वहींत चढावयाची, असा नियम झाल्यानें रूप स्थिर झालें. पण त्याबरोबर त्या त्या कुळांतील दोषही कुळांतच कोंडले गेले. गिऱ्हाइकाला मात्र एक सोपें साधन मिळालें : जातीचें नांव सांगितलें कीं गुण समजले, अशी त्याची समजूत झाली.

ह्या समजुतीची सर्वांत मोठी परीक्षा एका परोपकाराच्या कामांतून झाली. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं १९१६ सालीं जर्मनींत ओल्डेनबुर्ग येथें कुत्र्यांना वाट दाखविण्याचें शिक्षण देण्यास आरंभ झाला. अमेरिकेंत १९२९ सालीं, इंग्लंडांत १९३१ सालीं ह्या कार्यानें मूळ धरलें आणि पुढें जगभर त्याच्या संस्था निघाल्या. आरंभीं अल्सेशियन व पुढें लॅब्रॅडोर हींच कुत्रीं त्यासाठीं मुख्यत्वें निवडलीं जात. लॅब्रॅडोर शांत, खाण्याच्या लोभानें लवकर शिकणारा आणि गर्दींत न बिचकणारा. त्याच्यांत एकच खोट, ती म्हणजे त्याचे केस.

१९८० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियांतील मेलबर्नजवळच्या अशाच एका संस्थेकडे हवाई बेटांतून एका अंध बाईची विनंती आली. तिला वाटाड्या कुत्रें हवें होतें, परंतु तिच्या पतीला कुत्र्यांच्या केसांची ॲलर्जी होती. संस्थेंतील पैदाशीचे व्यवस्थापक वॉली कॉनरन ह्यांनीं साहजिकच पूडलचा विचार केला. त्यांनीं स्वतः सांगितल्याप्रमाणें सुमारें तीन वर्षांत त्यांनीं तेहतीस पूडल पारखले. पण त्यांतला एकही ह्या कामाला उतरला नाहीं. तेव्हां त्यांनीं लॅब्रॅडोर मादीचा व मोठ्या पूडलचा संकर केला आणि १९८९ च्या सुमारास त्यांतून तीन पिल्लें झालीं.

ह्यापुढें कॉनरननीं जें केलें, तेंच ह्या सबंध इतिहासाचें मर्म आहे. संकर झाला म्हणजे काम झालें, असें त्यांनीं मानलें नाहीं. त्यांनीं पिल्लांचे केस व लाळ ह्यांचे नमुने हवाईला पाठविले आणि त्या गृहस्थाला त्यांची बाधा होते कीं काय, ह्याची परीक्षा करविली. तिन्ही पिल्लें एकाच आईबापांचीं. पण त्यांतील एकाचेंच त्याला सोसलें. त्या पिल्लाचें नांव सुलतान. शिकून तयार झाल्यावर सुलतान हवाईला गेला आणि त्या घरांत नांदला. पुढील एका वेतांत दहा पिल्लांपैकीं तिघांचाच त्रास ॲलर्जीच्या माणसांना झाला नाहीं, असेंही कॉनरननीं नमूद केलें आहे.

उरलेलीं दोन पिल्लें शिकवण्यापूर्वीं कोणाच्या तरी घरीं वाढवावयाचीं होतीं. परंतु संकराचें पिल्लू घरीं ठेवण्यास कोणी पुढें येईना. तेव्हां कॉनरननीं युक्ति योजली. ‘संकर’ हा शब्द टाकून त्यांनीं ‘लॅब्रॅडूडल’ असें नांव वर्तमानपत्रांना पुरविलें. पिल्लें तींच, पण नांव बदलतांच मागणीचा पूर लोटला. नांवाची ही जादू पाहून खुद्द नांव ठेवणाराच चकित झाला.

५

त्यानंतर जें घडलें तें बाजाराच्या रीतीला धरूनच घडलें. बाजारानें नांव उचललें व कसोटी टाकून दिली. जें तीनांपैकीं एका पिल्लाच्या बाबतींत, एका विशिष्ट माणसापुरतें, परीक्षेनें सिद्ध झालें होतें, तें आतां सबंध जातीचा जन्मसिद्ध गुण म्हणून विकलें जाऊं लागलें. पूडलशीं नाना जातींचे संकर झाले, त्यांना नानाप्रकारचीं लाडिक नांवें मिळालीं आणि त्यांच्या किंमती शुद्ध वंशाच्या पिल्लांहूनही चढल्या. संकरानें आनुवंशिक दोष आपोआप नाहीसे होतात, असाही प्रवाद पसरला. वास्तविक दृष्टि क्षीण करणारा एक नेत्रविकार व खुब्याच्या सांध्याचा एक दोष पूडल व लॅब्रॅडोर ह्या दोहोंतही आढळतो. म्हणजे आईबापांची तपासणी न करतां केलेल्या संकरांत हे दोष पिल्लांच्या वांट्याला येऊं शकतात. वृद्धपणीं, २०१९ सालीं, कॉनरननीं आपल्या ह्या निर्मितीबद्दल जाहीरपणें पश्चात्ताप व्यक्त केला. बाजारांतील बहुतेक संकर त्यांना एक तर वेडसर किंवा आनुवंशिक व्याधींचे वाटत होते. हा एका व्यथित मनाचा अभिप्राय आहे, मोजदाद नव्हे. पण तो ज्याचा आहे त्याच्यामुळें त्याला वजन आहे.

२००९ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा ह्यांच्या घरीं कुत्रें यावयाचें होतें. त्यांच्या थोरल्या कन्येला ॲलर्जी असल्यामुळें पोर्तुगीज पाणकुत्र्याची निवड झाली. सिनेटर केनेडी ह्यांनीं ‘बो’ नांवाचा तो कुत्रा भेट दिला. पोर्तुगालच्या कोळ्यांचा मजूर अशा रीतीनें व्हाइट हाउसच्या हिरवळीवर गेला, आणि ‘ॲलर्जी न करणाऱ्या जाती’ हा शब्दप्रयोग जगभर घरोघर पोंचला.

शास्त्रज्ञांनीं मग ह्या शब्दाचीच परीक्षा घेतली. कुत्र्याच्या ॲलर्जीचें मूळ केसांत नसून कांहीं प्रथिनांत आहे, हें पूर्वींच समजलें होतें. त्यांतील मुख्य प्रथिन लाळेंत व कातडीच्या कोंड्यांत असतें. केस हा केवळ त्याचें वाहन. २०११ सालीं डेट्रॉइट येथील संशोधकांनीं जेथें नुकतेंच मूल जन्मलें होतें अशा १७३ घरांतील, बाळाच्या निजण्याच्या खोलींतील धूळ तपासली. ज्या घरांत तथाकथित निर्धोक जातीचें कुत्रें होतें त्या घरांत, व इतर घरांत, त्या प्रथिनाच्या प्रमाणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. पुढील वर्षीं हॉलंडांतील संशोधकांनीं कुत्र्यांचे केसच तपासले, तेव्हां तर उलटाच प्रकार दिसला : ज्या जाती निर्धोक म्हणून गाजल्या होत्या, त्यांच्या केसांत हें प्रथिन इतरांहून अधिक निघालें. लॅब्रॅडूडलच्या घरांतील जमिनीवरच्या धुळींत तें कांहींसें कमी होतें, पण हवेंतील प्रमाणांत भेद नव्हता. शिवाय जातीजातींतील अंतरापेक्षां एकाच जातीच्या दोन कुत्र्यांतील अंतर मोठें होतें. सुलतान व त्याचीं भावंडें ह्यांच्यांत कॉनरनना जें दिसलें होतें, त्याचीच ही शास्त्रीय ग्वाही होय.

आणखी एक विनोद २०२० सालीं उघड झाला. ऑस्ट्रेलियन लॅब्रॅडूडल म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या कुत्र्यांचे जनुक तपासले असतां त्यांत पूडलचाच भाग फार मोठा निघाला. कमी गळणारे कुरळे केस हवे म्हणून प्रत्येक पिढींत पैदासकारांनीं पूडलकडे झुकणारीं पिल्लें निवडलीं. आणि ज्या पूडलला सोडून हा प्रवास सुरू झाला होता, त्याच्याच दाराशीं तो परत आला.

आतां राहिली पहिली अट, मुलांत मिसळण्याची. जातीवरून स्वभाव सांगावा, हीही वहीच्या काळांतील संवय. २०२२ सालीं अमेरिकेंत १८,३८५ कुत्र्यांच्या धन्यांकडून माहिती मिळवून व त्यांतील दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुक तपासून जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यांत कुत्र्याकुत्र्यांतील वर्तनभेदांपैकीं जातीमुळें स्पष्ट होणारा भाग सरासरी अवघा नऊ टक्क्यांच्या आसपास असल्याचें दिसलें. बाकीचें सारें त्या त्या कुत्र्याचें, त्याच्या आईबापांचें व त्याच्या बाळपणाचें. स्कॉट व फुलर ह्या दोघां संशोधकांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें होतें, कीं पिल्लाच्या आयुष्यांतील साधारण तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांशीं सख्य जुळण्याचा असतो. त्या काळांत ज्यानें मुलांचे हात, आवाज व धांवपळ ओळखलीच नाहीं, तें पिल्लू कितीही ‘कुटुंबवत्सल’ जातीचें असलें तरी मुलांना बिचकण्याचा संभव फार.

६

तर मग नव्या धन्यानें काय करावें? जातींचीं नांवें निरुपयोगी आहेत, असें ह्या इतिहासाचें म्हणणें नाहीं. केवळ जमिनीवरील केसांचाच प्रश्न असेल, तर पूडल व त्याचीं लहान रूपें, बिशों फ्रीझ, लहान श्नाउत्सर हीं कुत्रीं खरोखरच केस कमी गाळतात. आणि मध्यम किंवा लहान पूडल शहाणा असल्यानें नवशिक्याला शिकवावयासही सोपा जातो. पण तें घेतांना फणीचा व कात्रीचा हिशेब आधीं मांडावा. एक दिवसाआड विंचरणें आणि सहा ते आठ आठवड्यांनीं केस कातरणें, हें ज्याच्यानें किंवा ज्याच्या पैशानें होणार नाहीं, त्यानें आंखूड केसांचें कुत्रें घ्यावें व खुशाल झाडू मारावा. तिबेटकडून आलेला ल्हासा किंवा चपट्या नाकाचा शित्सू केस कमी गाळतो खरा. पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत दाट लोकरीचा जीव कासावीस होतो, आणि चपट्या नाकाला तर धाप लवकर लागते, हें विसरूं नये. आपल्या रस्त्यावरचें आंखूड केसांचें देशी कुत्रें केस गाळतें. पण त्याला कातरावें लागत नाहीं, तें येथील हवेंतच जन्मलेलें असतें, आणि वाढ पुरी झालेलें, स्वभाव कळलेलें असें कुत्रें घेतलें तर नवख्या घराला पिल्लापेक्षां तेंच पुष्कळदां सोयीचें पडतें.

प्रश्न श्वासाचा असेल, तर मात्र जातीच्या नांवावर एक पैही विश्वासूं नये. आधीं वैद्याकडून तपासणी करावी. कित्येकांना कुत्र्यांतील एका विशिष्ट प्रथिनाचीच ॲलर्जी असते व तें प्रथिन नराच्या शरीरांत तयार होतें. अशा माणसाला मादी सोसूं शकते, असें आढळलें आहे. नंतर जें कुत्रें आणावयाचें, नेमक्या त्याच कुत्र्याजवळ त्या माणसानें एकदां नव्हे, अनेकदां, बंद खोलींत कांहीं तास बसून पाहावें. घरीं आणल्यावर कुत्र्याला निजण्याच्या खोलींत प्रवेश नसावा. आंघोळीनें कोंडा उतरतो, पण त्याचा गुण थोडे दिवसच टिकतो, हेंही ध्यानांत असावें. दम्याची तक्रार तीव्र असेल आणि वैद्य नको म्हणत असेल, तर मन आवरावें; कारण लळा लागल्यावर परत पाठविलेल्या कुत्र्याला आपण काय चुकलों हें कळत नाहीं, आणि मुलाला तें समजावून सांगणेंही सोपें नसतें.

तीनशें ऐंशी वर्षांपूर्वीं लोकांनीं एका पांढऱ्या कुत्र्याच्या अंगीं चेटूक चिकटविलें. आपल्या काळांत त्याच कुळाच्या अंगीं निर्धोकपणा चिकटविला. दोन्ही वेळीं कुत्र्याला स्वतःला कोणी विचारलें नाहीं. कॉनरननीं मात्र एकदां विचारलें होतें. त्यांनीं जातीचें नांव हवाईला पाठविलें नाहीं. केस व लाळ पाठविली, आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहिली. तीनांतून एक सुलतान निघाला तो ह्या वाट पाहण्यांतून. ज्या घरीं प्रथमच कुत्रें यावयाचें आहे, त्या घरानें कॉनरननीं ठेवलेलें नांव घेतलें नाहीं तरी चालेल. त्यांची ती कसोटी तेवढी घ्यावी.